मदत हवी आहे: घाटघर-साम्रद फेरीत फोर बाय फोर कधी काढायचं?

मंडळी, भंडारदऱ्याजवळची शेंडी–घाटघर–साम्रद–रतनवाडी फेरी करायची आहे, मुक्काम तंबूत. गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी दोन चाकांवर, गरजेपुरती चारही चाकांवर चालणारी), मॅन्युअल, टायर 16 इंची, डांबरावर हवा 32 psi.

अडचण अशी: चिखलातून डांबरावर आलं की लीव्हर ‘फोर हाय’मध्ये (चारही चाकांची नेहमीच्या वेगाची स्थिती) अडकतो. मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसल्याने वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि ताण ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) साठतो, हे माहीत आहे. दोन-तीन मीटर सरळ रिव्हर्स घेतली की ‘खट्’ आवाज होऊन सुटतो. पण दर शे-दोनशे मीटरला डांबर-चिखल बदलत असेल तर दर वेळी काढता का? की दोन चाकांवरच (टू-व्हील ड्राइव्ह) रेटता आणि फसायच्या आधी फोर बाय फोर टाकता? माझ्या मते दुसरं जास्त धोक्याचं.

दुसरं, चिकट लाल मातीत हवा 22 वर आणावी की 18 वर? 18 ला दगडावर साइडवॉल फाटायची भीती वाटते. कॉम्प्रेसर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावतो. लायटर सॉकेटचा फ्यूज उडतो.

सगळा भाग अभयारण्यात येतो, म्हणून तंबू गावातल्या अंगणातच. पावसाळ्यानंतर साम्रदकडे जाऊन आलेल्यांनी रस्त्याची आजची स्थिती जरूर कळवा.