मदत हवी आहे: एकाच ताटातलं मीठ, बीपी फक्त माझंच का वाढतं?

नमस्कार मंडळी, जरा डोकं खाणार आहे. मी ४३ वर्षांची, शुगर नाही, थायरॉईड नाही, क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) नॉर्मल, वजनही बरं. एरवी बीपी ११६/७४ च्या आसपास. पण माहेरी राहायला गेले की (तिथे लोणचं, पापड, सांडगी मिरची तिन्ही असल्याशिवाय जेवण झालंच नाही असं धरतात) दोन-चार दिवसांत वरचा आकडा १३० च्या पुढे, अंगठी घट्ट, आणि आपल्या घरी येऊन साधं जेवायला लागलं की आपोआप खाली. दादा माझ्यापेक्षा जास्त मिरच्या चापतो तरी त्याचा आकडा ढिम्म हलत नाही!!

डॉक्टर म्हणाले मर्यादेतच आहे, मीठ कमी करा. ते मान्य आहे हो, पण असं का होतं ते कुणी सांगत नाही. सॉल्ट सेन्सिटिव्ह म्हणतात ते हेच का? दोष किडनीचा की रक्तवाहिन्यांचा? आणि मी सातमाशी, दादा पूर्ण दिवसांचा, याचा काही संबंध? टेस्ट असते का याची?

प्रतिसाद १:
ताई, मी फिजिऑलॉजी (शरीराचं काम कसं चालतं ते शास्त्र) शिकवायचो, आता रिटायर. तुमच्या 'दोष कुणाचा' या प्रश्नावर आमच्यातच अजून भांडणं आहेत. जुनं मत गायटन या फिजिऑलॉजिस्टचं, की काहींच्या किडनीला मिठातलं तेवढंच सोडियम बाहेर टाकायला जास्त प्रेशर लागतं म्हणून बीपी चढतं. दुसरी बाजू म्हणते की खारट खाल्ल्यावर पाणी तर सगळ्यांच्याच अंगात साठतं, तुमच्या दादाच्याही, फक्त त्याच्या रक्तवाहिन्या सैल होऊन ते सामावून घेतात आणि सेन्सिटिव्ह माणसाच्या तितक्या होत नाहीत. मला दुसरं जास्त पटतं, पण दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

सातमाशीचं चांगलं विचारलंत. किडनीतले नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या, बहुतेक पोटात असतानाच, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत बनतात, मोठेपणी नवे येत नाहीत. लवकर जन्मलेल्यांत ते बरेचदा कमी असतात. पण तुमचं कारण तेच असं मी म्हणणार नाही, जिवंत माणसाचे नेफ्रॉन मोजायची सोय साध्या लॅबमध्ये नसते.

अजून एक, पोटॅशियम. ते कमी पडलं की किडनी मीठ परत आत ओढायचं दार उघडंच ठेवते. माहेरी भाजी, फळं, डाळ कमी आणि लोणचं-पापड जास्त असं होतं का बघा, मग दुहेरी मार.

टेस्ट म्हणाल तर अमेरिकेत वाइनबर्गर यांनी १९८६ मध्ये लोकांना दोन लिटर सलाइन (मिठाचं पाणी) शिरेतून चढवून दुसऱ्या दिवशी अळणी जेवण आणि लघवीचं औषध देऊन बीपी मोजलं होतं. नॉर्मल बीपीवाल्यांतले २६ टक्के सेन्सिटिव्ह निघाले, हाय बीपीवाल्यांतले ५१. म्हणजे धडधाकट माणसांत तुम्ही काही एकट्या नाही. पण हे रिसर्चपुरतं, कुठल्या लॅबमध्ये करून मिळत नाही.

प्रतिसाद २:
सैंधव वापरा, आमच्याकडे सगळे तेच खातात, काही त्रास नाही.

प्रतिसाद १:
अहो, सैंधवसुद्धा बहुतेक सोडियम क्लोराईडच, म्हणजे साधं मीठच. रंग गुलाबी असला तरी किडनीला रंग दिसत नाही. पोटॅशियम घातलेलं लो सोडियम मीठ खरंच वेगळं असतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

धागाकर्ती:
धन्यवाद सर, माहेरी भाजी कमी हे अगदी बरोब्बर पकडलंत. मग घरीच बघायचं तर कसं? एक आठवडा नेहमीसारखं आणि एक आठवडा कमी मीठ असं करू का? आणि माझं मशीन मनगटावरचं आहे, चालेल ना?

प्रतिसाद १:
करा, पण दंडाचं मशीन घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. दोन आठवड्यांत चार-पाच पॉइंटचा फरक आला तर तो धरू नका, तेवढं बीपी असंही हलतं. सतत १३५/८५ च्या वर राहिलं तर मात्र वही घेऊन डॉक्टरांकडे जा.