इंटरनेट चालते, पण वाचनालयातील नव्या डेस्कटॉपला काउंटरवरचा संगणक दिसत नाही

ग्रंथसेविका:

नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयात काउंटरवर विंडोज १० असलेला संगणक असून, दाखल नोंदवही आणि सभासदांच्या देवघेवीच्या नोंदी त्यातील एका फोल्डरमध्ये ठेवलेल्या आहेत. प्रिंटरही त्यालाच यूएसबी केबलने जोडलेला आहे. आता देणगीतून विंडोज ११ प्रो असलेला नवा डेस्कटॉप मिळाला आहे. नव्या पुस्तकांच्या नोंदी तेथून करता याव्यात म्हणून तो आम्ही शेजारच्या अभ्यासिकेत ठेवला आहे. काउंटरवरचा संगणक फायबरच्या जोडणीसोबत आलेल्या राउटरला जोडलेला आहे. त्याच राउटरमधून एक केबल भिंतीपलीकडे अभ्यासिकेत जाते आणि तेथे विद्यार्थ्यांच्या वायफायसाठी बसवलेल्या दुसऱ्या राउटरला मिळते. नवा डेस्कटॉप त्या दुसऱ्या राउटरला केबलने जोडला आहे.

दोन्ही संगणकांवर इंटरनेट व्यवस्थित चालते, तरीही नव्या संगणकावर ‘नेटवर्क’ उघडले की काउंटरवरच्या संगणकाचे नाव येत नाही. आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिल्यावर काउंटरवर १९२.१६८.१.३४ आणि नव्या संगणकावर १९२.१६८.०.१०५ असे पत्ते दिसले. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.० आहे. फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी विंडोजची सोय) बंद करण्याचा सल्ला मिळाला आहे, परंतु विद्यार्थ्यांचे फोन याच जोडणीवर असताना तसे करणे मला योग्य वाटत नाही. काय करावे?

तारजोडणी:

आपण पत्ते लिहून दिलेत, त्यामुळे कारण लगेच कळते. २५५.२५५.२५५.० या मास्कचा अर्थ असा की पत्त्याचे पहिले तीन भाग जुळले तरच दोन संगणक एका नेटवर्कमध्ये आहेत असे मानले जाते. आपल्याकडे तिसरा भाग एकीकडे १ आणि दुसरीकडे ० आहे. अभ्यासिकेतल्या राउटरच्या ‘वॅन’ छिद्रात (बाहेरून इंटरनेट आत घेण्याच्या छिद्रात) केबल लावली असल्यामुळे तो आपले स्वतंत्र नेटवर्क चालवतो आणि जोडलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःच्या हिशेबाने पत्ता वाटतो. इंटरनेट चालते, कारण बाहेर जाणारी मागणी तो पहिल्या राउटरकडे पोचवतो; परंतु ‘मी येथे आहे’ अशी जी हाक संगणक आपापल्या नेटवर्कमध्ये देत असतात, ती राउटर ओलांडून जात नाही.

उपाय सरळ आहे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (स्वतंत्र नेटवर्क न चालवता फक्त वायफाय पुरवण्याची सोय) असेल तर तो निवडावा. नसेल, तर त्याची डीएचसीपी सेवा, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याची सेवा, बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१ या मालिकेतला, कोणी वापरत नसलेला असा द्यावा आणि येणारी केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ (आतली यंत्रे जोडण्याच्या) छिद्रात लावावी. मग सर्व यंत्रांना पहिल्या राउटरकडूनच पत्ते मिळतील.

केबलतपासनीस:

वरील निदान अचूक आहे, मात्र या ठिकाणी तो उपाय मी करणार नाही. तसे केल्यास विद्यार्थ्यांचे फोन आणि दाखल नोंदवही एकाच नेटवर्कमध्ये येतील. शिवाय आजची रचनाही सुरक्षित नाही, हे ग्रंथसेविकाताईंनी लक्षात घ्यावे. आतल्या राउटरमागच्या यंत्राला बाहेरच्या नेटवर्कमधील यंत्रापर्यंत पोचता येते. अडते ते उलट दिशेने. म्हणजे नव्या डेस्कटॉपवरून काउंटरचा पत्ता थेट टाकला तर फोल्डर कदाचित उघडेलही, पण तोच मार्ग अभ्यासिकेतील प्रत्येक फोनला मोकळा आहे. म्हणून फायरवॉल बंद न करण्याचा आपला निर्णय अगदी योग्य होता.

माझ्या मते राउटरांच्या जागा बदलाव्यात. दुसरा राउटर काउंटरपाशी आणून त्याचे ‘वॅन’ छिद्र आखूड केबलने पहिल्या राउटरला जोडावे. काउंटरवरचा संगणक त्याच्या ‘लॅन’ छिद्रात लावावा. अभ्यासिकेत जाणारी केबल आहे तशीच राहू द्यावी. तिचे काउंटरकडचे टोक दुसऱ्या राउटरच्या ‘लॅन’ छिद्रात आणि पलीकडचे टोक थेट नव्या डेस्कटॉपमध्ये लावावे. विद्यार्थ्यांना पहिल्या राउटरचे वायफाय द्यावे, दुसऱ्याचे बंद करावे, आणि दोन्ही राउटरांचे व्यवस्थापनाचे पासवर्ड बदलावेत. बाहेरून सुरू झालेली जोडणी दुसरा राउटर आपणहून आत घेत नाही, त्यामुळे वाचनालयाचे दोन्ही संगणक त्याच्या आड राहतील आणि नवी केबलही ओढावी लागणार नाही. पहिल्याचे वायफाय भिंतीपलीकडे पुरते की नाही, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

केबली बदलल्यावर काउंटरवरच्या संगणकाला नवा पत्ता मिळेल आणि विंडोज ते नवे नेटवर्क समजून बहुधा ‘पब्लिक’ ठरवील. दोन्ही संगणकांवर ते ‘प्रायव्हेट’ करावे, अन्यथा पत्ते जुळूनही फायरवॉल फोल्डर उघडू देणार नाही.

ग्रंथसेविका:

आपण दोघांनीही इतके नीट समजावून सांगितलेत, याबद्दल मनापासून आभार. पहिल्या राउटरचे वायफाय अभ्यासिकेत पुरते, म्हणून दुसरी रचना केली. आता दोन्ही पत्ते १९२.१६८.० या मालिकेतले आहेत आणि काउंटरवरच्या संगणकाचे नावही दिसते. परंतु त्यावर क्लिक केल्यावर वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड विचारला जातो आणि आम्ही रोज वापरतो तो चार अंकी पिन स्वीकारला जात नाही. एसएमबी १ हे नेटवर्कवरून फोल्डर उघडण्याचे जुने वैशिष्ट्य सुरू केल्यास पासवर्डाशिवाय काम होते, असेही कोणी सुचवले आहे.

केबलतपासनीस:

एसएमबी १ कृपया सुरू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या प्रणालीतील त्रुटीतून संगणकासंगणकांत पसरला होता, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकल्यास ती आपोआप बसवली जात नाही. आपल्या दोन्ही संगणकांना तिची गरजही नाही.

पिन हा त्या एकाच यंत्रावर बसून आत जाण्यासाठी असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो आणि पासवर्ड रिकामा असलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून प्रवेश देत नाही. त्यामुळे काउंटरवरच्या संगणकावर ‘नोंदणी’ अशा नावाचे साधे स्थानिक खाते पक्क्या पासवर्डासह तयार करावे. फोल्डरच्या ‘शेअरिंग’मध्ये ‘एव्हरीवन’ काढून या खात्याला वाचण्या-लिहिण्याची परवानगी द्यावी, आणि ‘सिक्युरिटी’ या विभागातही तीच परवानगी आहे ना, हे पाहावे. दोन्हीकडे परवानगी असल्याशिवाय नोंद जतन होत नाही. नव्या संगणकावर हेच नाव आणि पासवर्ड देऊन ‘लक्षात ठेवा’ निवडले की पुन्हा विचारणा होणार नाही. पासवर्डाशिवायच्या पाहुण्या खात्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, कारण विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती तशी जोडणी नाकारते.

तारजोडणी:

एक भर घालतो. काउंटरवरच्या संगणकासाठी दुसऱ्या राउटरच्या डीएचसीपी विभागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून ठेवावे, म्हणजे त्याला दर वेळी तोच पत्ता मिळेल. संगणकावर हाताने पत्ता भरण्यापेक्षा मला हे बरे वाटते, कारण सर्व पत्त्यांची नोंद राउटरमध्ये एकाच जागी राहते. प्रिंटर काउंटरवरून शेअर करता येईल, पण तो संगणक सुरू असतानाच छपाई होईल. विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, नोंदवही पुढेमागे नव्या संगणकावर हलवून काउंटरवरून ती उघडावी, असेही सुचवतो. तोवर रोजच्या प्रतीची सोय वेगळ्या डिस्कवर असावी आणि प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून ठेवावी.