अनुभव धागा : आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचा तो व्हिडिओ तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलात?

काल रात्री पाऊस झोडपत होता, झोप येईना, म्हणून 'लूझिंग माय रिलिजन' लावलं. सुरुवातीला गाणं नाहीच. अंधारी खोली, खिडकीबाहेर पाणी ठिबकतंय, तिघं जण पळत जातात, गायक मायकल स्टाइप मात्र बसलेला. तेवढ्यात खिडकीतला दुधाचा जग खाली पडून फुटतो. मग मँडोलिन.

मी तो पहिल्यांदा पाहिला 1992 च्या पावसाळ्यात. दादरला आमच्या चाळीत केबल नुकती आली होती, या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर टाकून. एमटीव्ही तेव्हा स्टारबरोबर यायचं. जग फुटला आणि मागे तांदूळ निवडत बसलेली आजी ओरडली, "अगं बाई, दूध सांडलं!" सूप बाजूला ठेवून ती पुढे सरकली ती गाणं संपेपर्यंत हलली नाही. मध्येच आपल्या कॅलेंडरवरच्या देवांसारखी मंडळी दिसली तेव्हा तिने हात जोडले. पंखवाला म्हातारा वरून खाली आपटला तेव्हा म्हणाली, "पाय घसरला वाटतं मेल्याचा." गाणं कसं वाटलं विचारलं, तर स्टाइपकडे बोट दाखवून, "त्या पोराला कोणीतरी जेवायला घाला."

लिहा तुमचेही अनुभव. लांबले तरी चालतील.

गिरगावकर

माझे वडील ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवायचे. दिवसा गोदीत नोकरी, रात्री कार्यक्रम. मँडोलिनवादक सज्जाद हुसेन हे त्यांचं दैवत; नाव निघालं की आवाज आपोआप खाली यायचा. मी इंग्रजी गाणी लावली की ते उठून गॅलरीत जायचे. या गाण्याला मात्र दारातच थांबले. पूर्ण ऐकलं. म्हणाले, "नवशिका हात आहे. पण धून सोडत नाही लेकाचा."

मला रागच आला. जगभर गाजलेला बँड आणि यांच्या लेखी नवशिका! बऱ्याच वर्षांनी वाचलं की बँडचा गिटारवाला पीटर बक याने मँडोलिन नुकतं विकत घेतलं होतं, टीव्ही बघत बघत शिकत होता, आणि त्या सरावातच ही धून सापडली. सांगायला गेलो तोवर बाबांना ऐकू कमी यायला लागलं होतं. दोनदा ओरडून सांगावं लागलं. "मग मी काय म्हणत होतो?" एवढंच म्हणाले आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

मँडोलिन अजून कपाटावर आहे. आठ तारांपैकी पाच शिल्लक.

परळहून

सगळे कौतुकच करताहेत म्हणून लिहितो. मला हा व्हिडिओ कधीच झेपला नाही. आम्ही रंगभवनला आय-रॉक या रॉक महोत्सवाला जाऊन मान हलवणारी पोरं, काळे टी-शर्ट आणि घामाचा वास. मँडोलिनवाला बँड आवडतो म्हटलं असतं तर मित्रांनी धोबीतलावपासून परळपर्यंत टिंगल केली असती. (गाणं आवडायचं. वॉकमनवर ऐकायचो. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.)

आणि शीर्षकावरून घरी जो गहजब झाला! आई म्हणाली, धर्म बुडाला म्हणतोय आणि तू ऐकतोस? अमेरिकेच्या दक्षिणेकडे त्याचा अर्थ नुसता संयम सुटणं, डोकं फिरणं असा होतो, हे तेव्हा आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं.

जेजेचा जुना विद्यार्थी

आम्ही चौघांनी व्हीसीआर भाड्याने आणला होता आणि एकाने टीव्हीवरून टेप केलेला हा व्हिडिओ रात्रभर थांबवून थांबवून पाहिला. पॉझ केलं की पडद्यावर आडव्या रेघा यायच्या, त्यातली एक नेमकी म्हाताऱ्याच्या जखमेवर. त्या जखमेत बोट घालून बघणारी माणसं दिसली आणि आमच्यातला एक ताडकन उठून लायब्ररीचं पुस्तक घेऊन आला. इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोचा थॉमस, येशूच्या जखमेत बोट घालणारा! प्रकाशही तसाच, एका बाजूने येणारा, बाकी सगळं अंधारात. पंखवाला म्हातारा लेखक मार्केझच्या कथेतून आलाय हे नंतर कळलं.

दिग्दर्शक तरसेम सिंग, मूळचा जालंधरचा. 1991 साली एमटीव्हीने याच व्हिडिओला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. आम्ही कॅलेंडरवरच्या देवांना कमी लेखायला शिकत होतो आणि हा पठ्ठ्या तेच देव कॅराव्हाज्जोच्या शेजारी बसवून मोकळा. पुढच्या असाइनमेंटला मी झगमगीत लक्ष्मी काढली. मार्क बेताचेच पडले.

माहीमहून

माझं दोन ओळींत. काळा घोड्याला रिदम हाऊस या कॅसेटच्या दुकानातल्या बूथमध्ये उभी राहून हे गाणं किती वेळा ऐकलं असेन, कॅसेट एकदाही घेतली नाही. 2016 ला दुकान बंद झालं तेव्हा उगाच उधारी राहिल्यासारखं वाटलं.

बोरिवलीकरीण

माझा जन्म 1999 चा, त्यामुळे हे सगळं मला फोनवर भेटलं. 2024 च्या जूनमध्ये हे चौघं न्यूयॉर्कच्या एका समारंभात पुन्हा एकत्र येऊन हेच गाणं वाजवताना दिसले, तो व्हिडिओ मी स्वयंपाकघरात आईला दाखवला. बँड 2011 लाच बंद झालेला, आणि ड्रमवाला बिल बेरी तर 1997 मध्येच सोडून शेती करायला गेला होता. आई म्हणाली, "हा नाही, जुना लाव."

लावला. स्टाइप हात फेकत नाचायला लागला आणि आईचे पिठाचे हात हलायला लागले. आधी कोपरापासून, मग खांद्यापासून. तिला प्रत्येक झटका पाठ होता! मला चोवीस-पंचवीस वर्षांत याचा पत्ता नाही. पीठ ओट्यावर, फोनवर, माझ्या केसांत.

बाबा दारात येऊन उभे. "काय चाललंय?"

आईने लाटणं उचललं. "काही नाही. पोळी करपली."