छोटी गाडी चालवण्यातली मजा: तुमचे अनुभव लिहा

स्टेपनी:
परवा आमचं धूड सर्व्हिसिंगला दिलं आणि दोन दिवस धाकट्या भावाची जुनी हॅचबॅक आणली. दुसऱ्याच वळणावर स्टिअरिंग हाताला असं काही लागलं की थेट बाबांची मारुती ८०० आठवली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, १२ इंची चाकं, पॉवर स्टिअरिंग नाही. उभ्या गाडीत चाकं वळवायला दोन्ही हातांनी कुस्ती करायची. पण एकदा गाडी चालू लागली की रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा तळहाताला कळायचा. बाबा शेजारी बसून म्हणायचे, "गाडी कानाने चालव, काट्याकडे काय बघतोस?" आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नव्हताच म्हणा तिला. गिअर कधी बदलायचा ते आवाजावरूनच.
आताच्या गाडीत शंभराच्या वेगाला बैठकीत बसल्यासारखं वाटतं. त्या छोटीत साठला वाटायचं की आपण काहीतरी करतोय. दोन दिवस उगाचच लांबच्या रस्त्याने घरी आलो. तुमचेही अनुभव येऊ द्यात.

दुसराच_गिअर:
घाट. दुसरा गिअर. बस्स.

गिअरवेडी:
वर दुसराच_गिअर यांना +१. छोट्या इंजिनात ताकद बेताची, त्यामुळे चढावर वेग एकदा घालवला की परत मिळत नाही. मग माणूस आपोआप आधीपासून विचार करायला लागतो. वळण दिसलं की आधीच गिअर खाली, वळणात पाय हलका, बाहेर पडताना पूर्ण दाबायचा. मोठ्या गाडीत चूक केली तरी इंजिन सांभाळून घेतं. इथे चुकलात की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून सांगतो.

एसीबंद:
इंजिनाला जोर मिळावा म्हणून ओव्हरटेकच्या आधी एसी बंद करणारे इथे कोण कोण आहेत? आमच्याकडे ते काम सौ.चं होतं. मी "आता" म्हटलं की ती बटण दाबायची, गाडी पुढे काढली की पुन्हा चालू. अठरा वर्षं झाली लग्नाला, इतका ताळमेळ दुसऱ्या कशातच जमलेला नाही.

स्टेपनी:
हाहाहा. आमच्याकडे ते काम मागे बसलेल्या बहिणीचं, पुढे वाकून. शिवाय चौघं बसलो की चढावर बाबा सगळ्यांना "श्वास रोखा" म्हणायचे.

फिरती_खुर्ची:
थोडं शास्त्र, कंटाळा आला तर पुढे जा. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरून गिरकी घ्या. आधी हात पसरून, मग पोटाशी घेऊन. हात जवळ आले की खुर्ची झटकन फिरते. गाडीचंही तेच. वजन दोन टोकांना लटकलेलं नसेल, मधोमध असेल, तर नाक लगेच वळतं. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ या दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन पुढेच आहे, पण पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे सरकवून बसवलंय. पुढे-मागे वजन जवळजवळ सारखं. ताकद काही अफाट नव्हती, तरी लोक वेडे झाले.
दुसरं म्हणजे टायर. अरुंद टायरची पकड लवकर संपते हे खरं, पण म्हणूनच ती संपत आल्याचं चाळीस-पन्नासलाच कळतं. रुंद टायरच्या दणकट गाडीत ते कळेपर्यंत वेग असा झालेला असतो की सांगायला आपण उरलो तर ठीक.

जुनंते_सोनं:
मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीचं नाव अजून कसं आलं नाही! १९५९ ची. तिचा डिझायनर अ‍ॅलेक इसिगोनिसने इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली इंजिनच्याच ऑइलमध्ये बसवला आणि १० इंची चाकं पार चार कोपऱ्यांत ढकलली. लांबी जेमतेम तीन मीटर, तरी आत चार माणसं. हे सगळं जागा वाचवायला केलं होतं, पण चाकं कोपऱ्यात गेल्यामुळे गाडी वळणात घोरपडीसारखी चिकटायला लागली. १९६४, ६५ आणि ६७ ला मॉन्टे कार्लो रॅली जिंकली तिने. १९६६ ला तर पहिल्या तिन्ही मिनीच आल्या होत्या, पण हेडलाइटचे बल्ब नियमात बसत नाहीत म्हणून बाद केल्या. त्या बल्बवरून आमचं आणि आमच्या काकांचं अजून भांडण होतं. काकांनी मिनी कधी चालवलेली नाही. मीही नाही.

गिअरवेडी:
मग भांडता कशावरून 😄

जुनंते_सोनं:
तत्त्वावरून.

कंबरदुखी:
सगळं छान आहे, पण मागच्या सीटवर बसणाऱ्यांना विचारा मजा. नवरा वळणं "कापत" होता आणि मी पिशव्या धरत होते. खड्ड्यात गाडी आपटली की मणका मोजता येतो. लंबर सपोर्टची उशी कुणी वापरलीये का? जाळीची घ्यावी की फोमची?

एसीबंद:
फोमची तापते. जाळीची घ्या, ताई.

डबलक्लच:
सुट्टीत एका ओळखीच्यांची जुनी फियाट ५०० चालवायला मिळाली होती, १९५७ पासूनची ती मागे इंजिनवाली. दोन सिलिंडर, पाचशेच्या आत सीसी. गिअरना सिंक्रोमेश (गिअर बदलताना दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. पहिला अर्धा तास नुसती खरखर, मालकाचा चेहरा बघवेना. मग एकदा लोण्यातून सुरी जावी तसा गिअर पडला आणि मी एकटाच गाडीत ओरडलो. तेव्हा वेग होता पस्तीस.

खिडकीखाली:
विरोधी मत मांडते. मोठ्या रस्त्यावर बाजूने ट्रेलर गेला की छोटी गाडी हवेने हलते, तेव्हा मजा बिजा काही वाटत नाही, घाम फुटतो. पोरं मागे असताना मला जड गाडी आणि जास्त एअरबॅग हव्यात. एकटी असेन तर मात्र अजूनही छोटीचीच किल्ली उचलते. पार्किंगच्या जागेकडे बघून लोक पुढे निघून जातात आणि आपण एका झटक्यात आत, ते सुख वेगळंच.

फिरती_खुर्ची:
मान्य. धडकेत वजन कामाला येतं, त्यात वाद नाही.

दुसराच_गिअर:
होंडा बीट, ती चिमुकली दोन सीटची जपानी गाडी, कुणी चालवलीय का? ६५६ सीसी, इंजिन सीटच्या मागे, ताकद ६४ पीएस (साधारण तितकीच अश्वशक्ती), तेही ८१०० आरपीएमला. फक्त विडिओत आवाज ऐकलाय. रोज ऐकतो.

स्टेपनी:
चालवली नाही, पण आता मीही रोज ऐकणार, धन्यवाद. बाय द वे, मोठी गाडी तयार असल्याचा फोन सकाळीच आला होता. उद्या येतो म्हणालोय.

एसीबंद:
उद्याही भावाला विचारून बघा, स्टेपनीदादा. जड गाडीला गॅरेजची हवा मानवते.

कंबरदुखी:
जाळीची मागवली. पट्टा मागून कसा अडकवायचा?