ब्रेकचं पेडल हळूहळू खाली बसतं, पण ऑइल कमी होत नाही. मास्टर सिलेंडर गेलाय का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):

नमस्कार. प्रश्न ब्रेकचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. वाचायला वेळ लागला तरी कृपया पूर्ण वाचा.

गाडी २००७ ची मारुती ८००. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. रोज चिपळूण ते अलोरे, शाळेत. शिवाय महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट चढून कराडला, आईच्या तपासणीसाठी.

गेल्या रविवारी कराडहून परत येत होतो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेक अगदी नीट लागत होते. पोफळीच्या खाली रस्ता सपाट झाल्यावर गुरं आडवी आली म्हणून थांबले. पाय ब्रेकवर नुसता टेकवून उभी होते, आणि पेडल पायाखालून हळूहळू जाऊ लागलं. जात जात जवळजवळ तळाला टेकलं. गाडी हातभर पुढे सरकली. पाय उचलून पुन्हा दाबलं तर पहिल्यासारखं घट्ट. आई शेजारी बसली होती, तिला मी काही बोलले नाही. घरापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून आले.

घरी येऊन एवढं पाहिलं: झटकन जोरात दाबलं तर पेडल कडक राहतं. हलका, एकसारखा दाब दिला की पंधरा-वीस सेकंदांत खाली बसतं. गाडी थंड असतानाही तेच. टाकीतलं ऑइल वरच्या खुणेवर आहे, जराही कमी झालेलं नाही. रात्रभर चारही चाकांखाली पुठ्ठे टाकून ठेवले होते, सकाळी सगळे कोरडे.

जवळच्या गॅरेजमध्ये नेली. ‘हवा शिरली असेल’ म्हणून त्यांनी हवा काढून दिली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवसापासून आधीपेक्षा जास्त बसतंय.

आणखी एक सांगायचं राहिलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी दारातच उभी होती. पाणी बॉनेटच्या वर होतं. नंतर इंजिन उघडून साफ केलं, ऑइल बदललं, सीटा आणि वायरिंग नवीन केलं. काल ती सगळी बिलं काढून पाहिली. ब्रेक ऑइलची कुठेच नोंद नाही.

मास्टर सिलेंडर गेलाय असं समजायचं का? आणि पंधरा दिवसांनी आईला कराडला न्यायचं आहे, तोवर जपून चालवली तर चालेल का?

---

माळनाका (रत्नागिरी):

ताई, आमच्या गाडीला ब्रेकचा त्रास होता तेव्हा दोष बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवून मास्टरला देणारा डबा) निघाला होता. मास्टर बदलण्याआधी बूस्टर तपासून घ्या, नाहीतर खर्च फुकट जाईल.

---

कराडचा गॅरेजवाला:

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. घाटात तर नाहीच, अलोऱ्यालाही नेऊ नका. आज पेडल वीस सेकंदांत बसतंय, उद्या दोन सेकंदांत बसेल, आणि ते कुठल्या वळणावर होईल हे कोणी सांगू शकत नाही. आईंना एसटीने आणा.

आता गाडीचं. मी ३१ वर्षं हेच काम करतोय. तुम्ही जे लिहिलंय त्यात निम्मं निदान तुम्हीच केलंय.

मास्टरच्या आत पिस्टन असतात आणि त्यांच्यावर रबरी कप. पेडल दाबलं की कपाची कड सिलेंडरच्या भिंतीला चिकटून ऑइल पुढे ढकलते. कप झिजला किंवा भिंत खराब झाली की दाबलेलं ऑइल कडेवरून निसटून मागे टाकीकडेच येतं. म्हणून बाहेर थेंब नाही आणि टाकी भरलेली. जोरात दाबलं की त्या दाबानेच कपाची कड फाकून भिंतीला घट्ट बसते, म्हणून पेडल कडक लागतं. हळू दाबलं की ती बसत नाही, ऑइल वाट काढतं. उभ्या गाडीत पाय टेकवून ठेवल्यावर पेडल बसणं ही आतल्या गळतीची सगळ्यात ठळक खूण आहे. हवा शिरली असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर आलं असतं. घाटात ऑइल उकळून ब्रेक गेला असता तर गाडी थंड झाल्यावर सगळं ठीक दिसलं असतं. तुमचं थंड गाडीतही बसतंय.

माळनाकावाल्यांचा सल्ला तपासून घेण्यासारखा आहे, पण बूस्टर गेला की पेडल खाली जात नाही, उलट दगडासारखं कडक होतं. तरी ही तपासणी करा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. मग दाबून धरा आणि तसंच धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जाऊन थांबलं तर बूस्टर चांगला. एवढं खाली जाणं बरोबरच आहे, त्याला घाबरून खूप लोक उगाच मास्टर बदलतात. थांबलं नाही, जातच राहिलं, तर मग दोष मास्टरकडे.

दुसरं, मास्टर जिथे बूस्टरला जोडलाय तिथे खालून बोट फिरवा. ओलं लागलं किंवा बूस्टरचा रंग फुगून सुटलेला दिसला तर मागचा सीलही गेलाय. तिथून गळणारं ऑइल बूस्टरच्या पोटात साठतं, जमिनीवर एक थेंब पडत नाही आणि टाकी मात्र उतरत जाते.

तिसरं, मागच्या चाकांचे ड्रम काढून व्हील सिलेंडरच्या (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलेंडर) रबरी टोप्या उचलून पाहायला सांगा. तिथली गळती ड्रमच्या आतच राहते, तुमच्या पुठ्ठ्यावर येणार नाही.

आणि हवा काढल्यावर जास्त का बिघडलं, तेही सांगतो. रोजच्या वापरात पिस्टन सिलेंडरच्या थोड्याच लांबीत मागेपुढे होतो. पलीकडच्या न वापरलेल्या भागात वर्षानुवर्षं गाळ आणि गंज बसतो. हवा काढताना पोरगा पेडल थेट तळापर्यंत दाबतो, कप त्या खरखरीत भागावरून घासत जातो आणि उरलासुरला चिरतो. जुन्या गाडीची हवा काढताना आम्ही पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो, तो यासाठीच. तुमच्या गाडीत तर पुराचं पाणी आहे. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, बॉनेटच्या वर पाणी गेल्यावर ते आत शिरलंच असणार.

---

वाशिष्ठीकाठ:

दादा, खूप आभार. तुम्ही सांगितलं तसं केलं.

बूस्टरची तपासणी: इंजिन चालू करताच पेडल साधारण दोन बोटं खाली गेलं, क्षणभर थांबलं आणि मग पुन्हा सावकाश बसू लागलं. म्हणजे दोन वेगळ्या हालचाली स्पष्ट कळल्या. मास्टरच्या मागे बोट फिरवलं तर बोटाला ओशट लागलं, अगदी थोडं. टाकीत टॉर्च मारून पाहिलं. ऑइल चहाच्या रंगाचं आहे आणि तळाला काळसर गाळ. गाडी दारात उभी करून ठेवली आहे. शाळेत एसटीने जाते.

---

नवा स्टीअरिंग (पुणे):

पूर्ण मास्टर कशाला घेता? रबराचं किट मिळतं, खूप स्वस्तात काम होईल. माझ्या मामांच्या गाडीला किट टाकून तीन वर्षं झाली.

---

कराडचा गॅरेजवाला:

किटला माझा विरोध नाही. पूर्वी आम्ही किटच टाकायचो. पण सिलेंडरची भिंत आतून आरशासारखी असेल तरच. मास्टर खोला, स्वच्छ पुसा, उजेडात धरून आत पाहा आणि करंगळी फिरवा. नखाला एक जरी खड्डा लागला तर नवा रबर तिथे महिनाभरही टिकणार नाही. आम्ही पॉलिश पेपर मारून खड्डे घालवायला जायचो, ते मी सोडलं. घासून भोक मोठं होतं आणि कप सैल पडतो. पुरातल्या गाडीला मी किट टाकणार नाही. पूर्ण असेंब्ली घ्या, नीट कंपनीची, बिलासकट. बाजारात हुबेहूब खोकी मिळतात, ब्रेकच्या बाबतीत तिथे पैसे वाचवू नका.

मेकॅनिक चांगला असेल तर त्याला हे सगळं माहीत असतं. तरी तुम्ही जवळ उभ्या राहा आणि चार गोष्टी पाहा.

पाइपांचे नट फ्लेअर नटच्या पान्यानेच (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरतो तो) खोलायचे. साध्या फिक्स पान्याने त्यांचे कोपरे गोल होतात, मग पक्कड लागते आणि पाइपच पिळतो. आदल्या दिवशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवायला सांगा. खाली फडकी अंथरा, ब्रेक ऑइल रंगाला खातं. सांडलं तर लगेच पाणी ओता.

जुना आणि नवा मास्टर शेजारी शेजारी ठेवून मागच्या खाचेची खोली मापायची. बूस्टरमधून जी काडी पिस्टनला ढकलते तिला किंचित मोकळीक हवी. काडी लांब पडली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत जायचं बारीक भोक बंदच राहतं आणि ब्रेक सुटत नाहीत. पहिले दोन किलोमीटर बरे वाटतात, मग चाकं तापतात. हे मी स्वतः शिकाऊ असताना केलेलं आहे, म्हणून आजही दोनदा मापतो.

नवा मास्टर गाडीला लावायच्या आधी बाकावर शिकंज्यात आडवा, समतल धरून त्याची हवा काढायची. टाकीत ऑइल भरायचं, प्रत्येक तोंडाला नळी लावून तिचं टोक टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं आणि पिस्टन सावकाश ढकलायचा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. ही पायरी गाळली की मास्टरमध्ये अडकलेली हवा चाकांकडून काढता काढता दिवस जातो. पेडल नरमच राहतं आणि ‘नवा मास्टरही खराब निघाला’ म्हणून माणूस दुकानात भांडायला जातो.

मग चारही चाकांची हवा काढायची. साधा नियम सगळ्यात लांबच्या चाकापासून, आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे म्हणून ते मागचं डावं. पण काही गाड्यांत पुढचं एक आणि मागचं तिरकं अशी जोडी असते, तिथे मॅन्युअलमधला क्रम धरायचा. तुमच्या गाडीत नुसती हवा नाही, अख्खं जुनं ऑइल निघालं पाहिजे. प्रत्येक चाकाच्या हवा काढायच्या निपलमधून नव्याचा रंग येईपर्यंत.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच. आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. इंजिन ऑइलचे चार थेंब जरी पडले तरी आतले सगळे रबर फुगतात. झाकणावर डॉट ३ (ही ऑइलची प्रत) लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते कधीच नाही. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. तुम्ही कोकणात राहता आणि घाट उतरता, म्हणून डॉट ४ घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. फोडून ठेवलेला डबा वापरू देऊ नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

---

वाशिष्ठीकाठ:

काम झालं. लिहायला उशीर झाला, कारण भाग यायला सहा दिवस लागले.

यावेळी दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. तुमचा मजकूर फोनवर दाखवला, त्यांनी शांतपणे पूर्ण वाचला आणि म्हणाले, ‘लिहिणारा हाताने काम केलेला माणूस आहे.’ मी सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते.

जुना मास्टर त्यांनी माझ्यासमोर उघडला. पिस्टन बाहेर काढताना चिकटला होता. पुढच्या कपाची कड एका बाजूने चिरलेली, आणि सिलेंडरच्या आत खालच्या बाजूला खड्ड्यांची एक ओळच होती, पाणी साचून राहावं तशी. करंगळी घातली तर नख अडकलं. किटचा प्रश्नच उरला नाही.

मागच्या उजव्या चाकाचा व्हील सिलेंडरही टोपीखाली ओला निघाला. म्हणून मागचे दोन्ही बदलले. मागच्या डाव्या चाकाचं निपल गंजून बसलं होतं, पण सिलेंडरच नवा घेतल्यामुळे त्याच्याशी झटापट करावी लागली नाही. काडीचं माप दोनदा घेतलं. बाकावर हवा काढताना बुडबुडे थांबायला वीस मिनिटं लागली.

पेडल दाबायला मीच बसले होते. ‘दाबा… धरा… सोडा’ असं तासभर. पुढच्या उजव्या चाकातून सुरुवातीला जे आलं ते ऑइल म्हणावं असं नव्हतंच. गढूळ, तपकिरी. त्या ऑइलवर मी इतकी वर्षं आईला शेजारी बसवून कुंभार्ली उतरत होते. ते डब्यात पडताना पाहून माझे हात थरथरले, खरंच सांगते.

आता पेडल वर, कडक. इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं पाय टेकवून धरला, केसभरही हललं नाही. मोकळ्या मैदानात वीस-पंचवीसच्या वेगाने दहा वेळा थांबवून पाहिली, मग बहादूरशेख नाक्यापर्यंत जाऊन आले आणि चारही चाकांना हात लावून पाहिला. मागची दोन्ही सारखीच, पुढची दोन्ही सारखीच कोमट.

जुना मास्टर मागून घेतला आहे. पास्कलचा नियम शिकवताना वर्गात न्यायचा आहे, उघडलेला पाहिला की मुलांना पटकन कळेल.

चिपळूणमधल्या ज्यांच्या गाड्या त्या पुरात होत्या, त्यांनी कृपया आपापली जुनी बिलं काढून ब्रेक ऑइलची नोंद आहे का ते पाहा. आमच्या गल्लीत काल विचारलं, पाच गाड्यांपैकी एकाचंच बदललेलं होतं.

---

कराडचा गॅरेजवाला:

छान झालं. पंधरा दिवस रोज सकाळी टाकीची पातळी बघा, आणि पाइपांच्या नटांना एकदा कोरडं फडकं लावून पाहा. मागे नवे सिलेंडर टाकलेत म्हणजे ड्रम उघडले होते, ड्रमला आतून घासणाऱ्या लायनरला जुनं ऑइल लागलं होतं का? लागलं असेल तर ते लायनर धुवून वापरू नका, दोन्ही बाजूंचे बदला. नाहीतर पावसात गाडी एका बाजूला ओढेल.

---

वाशिष्ठीकाठ:

उजव्या बाजूचे लागले होते, पेट्रोलने धुऊन परत बसवलेत. उद्याच बदलून घेते, दोन्ही बाजूंचे. त्यानंतरच घाट.