प्रतिसाद: लोकप्रिय म्हणजे दर्जेदार?

'इतकी वर्षं इतके लोक मायएसक्यूएल वापरतात, म्हणजे ते चांगलंच असणार' हा वरचा मुद्दा पटत नाही. हे डेटाबेस सॉफ्टवेअर पसरलं ते स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत आयतं मिळायचं म्हणून. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरलाही तेच लागायचं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसला तर विंडोजवर थेट चालायला २००५ उजाडलं.

दर्जाचं म्हणाल तर मायएसक्यूएलमधलं 'यूटीएफ८' बघा. नाव यूटीएफ-८ चं (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत), पण एका अक्षरचिन्हाला जागा ३ बाइट्सचीच. देवनागरी ३ बाइट्समध्ये बसते, म्हणून मराठी साइटवर काहीच खटकत नाही. बहुतेक इमोजींना ४ लागतात. चुकीचा डेटा नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद असेल (मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीच्या आधी मूळ सेटिंग तसंच होतं) तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो, आणि मिळते फक्त वॉर्निंग, जी कोणी वाचत नाही. खरं यूटीएफ-८ 'यूटीएफ८एमबी४' या नावाने ५.५.३ मध्ये आलं. डीफॉल्ट व्हायला ८.० यावं लागलं.

जुनं टेबल यूटीएफ८एमबी४ वर नेताना आधी बॅकअप, मग इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) तपासा. जुन्या इनोडीबीत (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट्स: २५५ अक्षरांचा रकाना असेल तर २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५, जेमतेम बसतं, गुणिले ४ केलं की १०२० आणि एरर. वर्डप्रेसच्या टेबलांत दिसणारा १९१ हा विचित्र आकडा इथूनच आलाय (१९१ गुणिले ४ म्हणजे ७६४). रो फॉरमॅट (टेबलातल्या ओळी साठवायची पद्धत) डायनॅमिक केला (५.७ पासून तोच डीफॉल्ट) तर मर्यादा ३०७२ होते. आणि कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही (साइट आणि डेटाबेस यांच्यात मजकूर ज्या अक्षरपद्धतीत जातो ती) बदला, नाहीतर टेबल दुरुस्त होऊनही इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हंच उमटतील.

आजचं मायएसक्यूएल बरंच सुधारलंय, हे खरं. पण गर्दी त्याआधीच जमली होती.