मोठे टायर घातले म्हणून वॉरंटी क्लेम नाकारला, आता काय करावं?

गोरेगाव_पूर्व

पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, किंमत 14.6 लाख. वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किमी, त्यातली सव्वादोन वर्षं झाली. मीटर 31,400 किमी. कंपनीचे टायर 215/60 आर16 होते. 18,000 किमीला चारही बदलून 235/60 आर16 घातले. रिम मूळचेच, 6.5 इंची. टायर बाहेरच्या दुकानातून घेतले, बिल आहे.

आता दोन तक्रारी आहेत. एसी थंड करत नाही. कॉम्प्रेसरमधून गॅस गळतोय हे वर्कशॉपनंच तपासून सांगितलं. दुसरं म्हणजे 50 च्या वर गेलं की पुढच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येतो, हब बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते) गेलंय म्हणतात. दोन्हीचं मिळून एस्टिमेट 47,000 च्या आसपास. सर्व्हिस अॅडव्हायजर तोंडी म्हणतो, "टायर साइझ बदलली, म्हणजे गाडीची वॉरंटीच गेली." गाडी अजून त्यांच्याकडेच आहे. हे खरं आहे का? आणि नसेल तर सुरुवात कुठून करू?

नट_बोल्ट

आधी आकडे बघू, कारण भांडण त्यांच्यावरच होणार आहे.

215/60 आर16 (रुंदी 215 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिम 16 इंची) चा व्यास 664.4 मिमी, 235/60 आर16 चा 688.4. फरक 24 मिमी, म्हणजे 3.6 टक्के. टायर बदलताना व्यास 3 टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तो तुम्ही थोडा ओलांडलाय, पण चाक बॉडीबाहेर आलेलं नाही. गाडी 12 मिमी उंच झाली. मीटर 100 दाखवेल तेव्हा चाकं पूर्वीपेक्षा 3.6 टक्के जास्त अंतर कापतात. ओडोमीटरही तेवढंच कमी मोजतं: टायर बदलल्यावर मीटरवर 13,400 किमी दिसतात, प्रत्यक्षात सुमारे 13,880 झालेत. हा फरक कंपनी काढायच्या आधी तुम्हीच कबूल करा. 480 किमीनं 1 लाखाच्या मर्यादेला काही धक्का लागत नाही.

आता दोन्ही भाग वेगळे करा. एका अर्जात दोन्ही कोंबलेत तर बेअरिंगच्या वादात एसीही बुडेल.

एसी कॉम्प्रेसर इंजिनाच्या क्रँकवरून पट्ट्यानं फिरतो. चाक केवढं आहे हे त्याला ठाऊकच नसतं. शाफ्ट सील गळतंय की बॉडीचा जोड, हे यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) किंवा नायट्रोजन प्रेशर टेस्टनं दिसतं. गळती नेमकी कुठे आहे ते लिहून घ्या, कारण उद्या कंडेन्सरला (एसीची पुढची जाळी) दगड लागला म्हणून "बाहेरचा आघात" असं उत्तर येऊ शकतं आणि कंडेन्सर फुटला असेल तर ते उत्तर बरोबरही असेल. बाहेरच्या एसीवाल्याकडे कधी गॅस भरला असेल तर तेही आत्ताच सांगा. नंतर उघड झालं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

बेअरिंगचं प्रकरण इतकं सोपं नाही. आधी ते बेअरिंगच आहे का ते पक्कं करा. टायरची नक्षी जाडीभरडी असेल किंवा टायर वरखाली झिजले असतील तर अगदी असाच आवाज येतो. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून चालवून बघायला सांगा. आवाज मागे गेला तर दोष टायरचा, जागेवर राहिला तर बेअरिंगचा. दुसरी खूण: उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. डावं बेअरिंग गेलं असेल तर तेव्हा आवाज वाढतो आणि डावीकडे वळताना कमी होतो. टायरचा आवाज वळणानं फारसा बदलत नाही, डांबरावरून काँक्रीटवर गेलं की बदलतो. मग लिफ्टवर चाक हातानं फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा. गेलेल्या बेअरिंगची खरखर तिथे लागते.

बेअरिंगच निघालं तर कंपनी म्हणेल, मोठ्या चाकानं भार वाढवला. वाढवला, पण किती? वळताना बेअरिंगला पिळणारा जोर म्हणजे आडवं बल गुणिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या 332 वरून 344 मिमी झाली, म्हणून तो जोरही 3.6 टक्केच वाढला. चाकावर 400 किलो भार आणि 0.3 जी चं (गुरुत्वाकर्षणाच्या 0.3 पट) वळण धरा: वाढ सुमारे 14 न्यूटन-मीटर. 20 मिमीचे स्पेसर (हब आणि रिमच्या मधल्या चकत्या) लावले असते किंवा रिमचा ऑफसेट (हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती सरकलाय ते अंतर) तेवढा बदलला असता तर त्याच 400 किलोमुळे 78 न्यूटन-मीटर वाढले असते, तेही सरळ चालताना, सतत. तुमचे रिम मूळचे आहेत, म्हणजे ऑफसेट तोच. हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला ईटी आकडा (तोच ऑफसेट) आणि पार्ट नंबर यांचे फोटो काढून ठेवा.

शेवटी निकाल देईल ते जुनं बेअरिंगच. उघडल्यावर रेसवर (गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यांवर) गोळ्यांच्या अंतराएवढ्या अंतरावर खळगे असतील तर तो खड्ड्यातला धक्का. गंज आणि पातळ, तपकिरी झालेलं ग्रीस असेल तर पाणी शिरलंय; पावसाळ्यात अंधेरी सबवे नाहीतर हिंदमाता भागात चाक हबपर्यंत बुडालं की सीलची परीक्षा होतेच. रेसच्या एकाच कडेचे पापुद्रे निघाले असतील तर भार तिरका पडत होता, आणि तेव्हा कंपनीच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. सगळीकडे सारखी झीज आणि ग्रीस सुकलेलं असेल तर भागातला दोष म्हणायला जागा आहे. हेही लक्षात घ्या की खळगे किंवा गंज निघाला तर टायरचा मुद्दा तुम्ही जिंकाल आणि क्लेम दुसऱ्याच कलमाखाली हराल.

म्हणून जुना भाग टाकू नका, परत पाठवू नका, असं ईमेलनं आजच कळवा.

सीएसटी_रोड_टायर

वरच्या पोस्टला थोडी पुस्ती. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावरचा स्टिकर आणि मॅन्युअल बघा. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला 17 इंची चाक असेल तर बहुतेक 215/55 आर17 सापडेल. व्यास 668.3, फरक फक्त 0.6 टक्के. पुढे मोठं चाक हवंच असेल तर हा रस्ता धरा, कंपनी स्वतःच छापलेल्या साइझवर काय बोलणार.

235/60 आर16 ला 6.5 ते 8.5 इंची रिम चालतो, म्हणजे तुमचा रिम अगदी कडेवर पण नियमात. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) बहुतेक 95 वरून 100 झाला असेल, म्हणजे टायरमागे 690 वरून 800 किलो. टायर कमकुवत होते असं कोणी म्हणू शकणार नाही. स्टेपनी मात्र जुनीच 215 ची असणार. ती पुढच्या चाकाला लावून लांब पल्ला मारू नका. दोन चाकांत 3.6 टक्के फरक पडला की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) सतत झिजत राहतं आणि एबीएसचा दिवा लागू शकतो. चारही चाकं सारखी असताना ही भानगड नाही.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकाच्या आतलं प्लास्टिक लायनर बघा. घासल्याच्या खुणा नसतील तर तेही फोटोत येऊ द्या.

वांद्रे_आयोगवारी

अॅडव्हायजरचं तोंडी "वॉरंटी गेली" म्हणजे नकार नाही. त्याला कागदावर आणा. गाडीचा व्हीआयएन (चासी नंबर), तारीख, मीटर, कोणता भाग, वॉरंटी पुस्तिकेतलं कोणतं कलम, आणि टायरमुळे तो भाग कसा बिघडला याचं कारण, एवढं डीलर आणि कंपनीच्या कस्टमर केअर या दोघांना ईमेलनं मागा. तिकीट नंबर जपून ठेवा. मग कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरकडून संयुक्त तपासणी मागा आणि तिला स्वतः हजर राहा. बऱ्याचदा एसीसारखा क्लेम इथेच सुटतो, कारण कंप्रेसर आणि टायरचा संबंध लिहून द्यायला कोणी धजत नाही.

पुस्तिका शब्दशः वाचा. "बदलामुळे झालेला बिघाड" वगळला आहे की "बदल केलेलं वाहन" वगळलं आहे? पहिलं असेल तर संबंध दाखवायची जबाबदारी कंपनीवर टाकता येते. दुसरं असेल तर लढाई कठीण, पण संपलेली नाही.

आधीची जॉब कार्डं काढा. 18,000 नंतर त्यांच्याचकडे सर्व्हिसिंग झालं असेल आणि अलाइनमेंटच्या प्रिंटवर 235/60 छापलं असेल, तर टायर त्यांना माहीत होते आणि त्यांनी हरकत घेतली नाही, हे त्यांच्याच कागदावर सिद्ध होतं.

तिथे सुटलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. ती आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीकडून लेखी उत्तर येतं आणि ते पुढे कामाला येतं. मग स्पीड पोस्टानं 15 दिवसांची नोटीस. ती कायद्यानं सक्तीची नाही, पण द्या.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंतच्या किमतीचं प्रकरण जिल्ह्यात चालतं, आणि इथे मोजायची ती गाडीची किंमत, दुरुस्तीची नव्हे. 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात फी 400 रुपये. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे गोरेगावसाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग, वांद्रे पूर्व. मुदत 2 वर्षं. डीलर आणि उत्पादक, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं की दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यांना उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15.

तक्रार कोणत्या शब्दांत लिहायची, इथे बरेच जण घसरतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं प्रकरण उचलू नका. कलम 87 मध्ये वस्तूत फेरफार झाला असेल तर विक्रेत्याची सुटका आहे आणि समोरचा वकील तेच नाचवेल. शिवाय कलम 2(22) नुसार खुद्द वस्तूचं नुकसान हे त्या अर्थी "हानी"च नाही. तुमची बाजू साधी: भागात दोष आणि वॉरंटी नाकारणं ही सेवेतली त्रुटी, म्हणजे कलम 2(10) आणि 2(11). "अन्यायकारक करार" हा शब्दही जिल्ह्यात वापरू नका, तो विषय राज्य आयोगापासून सुरू होतो.

बेअरिंगबद्दल तज्ज्ञ मत लागलं तर कलम 38 खाली आयोग भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालाला 45 दिवस, खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. म्हणूनच जुना भाग जपायचा. फोटो, व्हिडिओ आणि ईमेलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलं की त्यावरून वाद होत नाही.

आणि कृपा करून मॅग्नसन-मॉसचा दाखला देऊ नका. तो वॉरंटीबद्दलचा 1975 चा अमेरिकन कायदा आहे, अमेरिकन व्हिडिओंमधून आपल्याकडे आलाय, वांद्र्यात चालत नाही. याउलट कंपनी मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची (गाडीत बदल करण्यावरची बंधनं) भीती घालेल. बदल नियमात बसतो का, हा आरटीओचा प्रश्न. त्यानं कॉम्प्रेसरचं सील गळत नाही.

गोरेगाव_पूर्व

खूप आभार. आज वर्कशॉपमधून फोन आला. एसीचं बघतो म्हणाले, पण जॉब कार्डवर "टायर बदलल्यामुळे वॉरंटी लागू नाही, ग्राहकास मान्य" असं लिहून सही मागतायत. सही केल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. तपासणीआधी जुने टायर परत घालून टाकू का?

वांद्रे_आयोगवारी

सही करा, पण आधी त्याच ओळीखाली स्वतःच्या हातानं लिहा: "वरील शेरा मान्य नाही. वाहन केवळ ताब्यात घेत आहे. हक्क राखून." तारीख, वेळ टाका आणि तिथेच फोटो घ्या. लिहू देत नसतील तर काउंटरवर उभे असतानाच हाच मजकूर त्यांना ईमेल करा, मग सही. पैसे भरावे लागले तर बिलावरही "निषेध नोंदवून भरले" लिहा, ती रक्कम नंतर परत मागता येते.

नट_बोल्ट

टायर तपासणी होईपर्यंत आहेत तसेच ठेवा. जॉब कार्डवर 235 लिहिलंय, त्यांच्याकडे फोटोही असतील; गुपचूप बदललेत तर लपवाछपवी दिसेल. संयुक्त तपासणी झाली, अहवालाची प्रत हातात आली, की खुशाल 215/60 घाला आणि त्याचं बिल त्याच फायलीत ठेवा.

बेअरिंग बदलायचं ठरलं तर नवं दाबून बसवतानाचा व्हिडिओ मागा. प्रेसवर आतल्या रेसवर जोर देऊन बसवलं तर ते पहिल्या दिवशीच खळगे घेऊन निघतं आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच आवाज. आणि अॅक्सलचा नट नवाच घालायला सांगा, टॉर्क रेंचनं, मॅन्युअलच्या आकड्यावर. इम्पॅक्ट गननं नाही.